आजोबांची नेव्हीची वही, सांबऱ्याची विमानं आणि आपला पाऊस

रनवे_२६ (धागाकर्ता)

आपल्याकडं फौजी म्हटलं की मराठा लाईट इन्फंट्री, विषय संपला. सेंटरच १९२२ पासून बेळगावात, त्यामुळं खानापूर घ्या, चंदगड घ्या, नाहीतर उचगाव-हिंडलगा पट्टा घ्या, प्रत्येक भावकीत एकतरी मराठ्यातला असतोच. आमचे आजोबा पण तिथंच जायचे, पण भरतीत छाती कमी भरली, आणि घरी तोंड कसं दाखवायचं म्हणून तसेच मुंबईला गेले ते थेट नेव्हीत. समुद्र आयुष्यात पहिल्यांदा तिथं बघितला. स्टोकर म्हणून लागले, म्हणजे इंजिनरूम, बॉयलर, घाम. गावात सगळे विचारायचे बंदूक कुठाय, आणि हे सांगायचे माझ्याकडं पाना हाय.

मी स्वतः विमानवेडा. सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्या विमानतळाच्या आणि एअर फोर्स स्टेशनच्या, कुंपणाबाहेर उभं राहून मोठा झालो. जहाजांत मला काडीचा इंटरेस्ट नव्हता, आजोबा सांगायला लागले की मी पळायचो. आता माळ्यावरची ट्रंक आवरताना त्यांची वही मिळाली आणि तेव्हापासून झोप उडालीय, म्हणून हा धागा.

वहीत काय आहे सांगतो. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलनं ओढलेले रकाने. वेळ, शाफ्टचे फेरे, बॉयलरचं प्रेशर, आणि शेवटच्या रकान्यात आत येणाऱ्या समुद्राच्या पाण्याचं तापमान, फॅरनहाइटमध्ये. ८३, ८४, ८४, ८२. पानंच्या पानं. ऑफिशियल लॉग तर जहाजावरच राहिला असणार, ही यांनी स्वतःसाठी उतरवून ठेवलेली कॉपी. आणि एका पानाच्या कडेला बारीक अक्षरात, "मृग निघाला. गावाकडं भात उगवून आलं असेल."

जहाज आयएनएस किस्तना. जुनी युद्धकाळातली स्लूप, म्हणजे छोटी युद्धनौका, फाळणीत सतलज, जमना, कावेरी यांच्याबरोबर आपल्या वाट्याला आली, नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानकडं गेल्या. आता मजा बघा, साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, बऱ्याच देशांची जहाजं हिंदी महासागर मोजायला उतरली होती, कुलाब्याला त्यासाठी खास हवामान केंद्र उघडलं होतं. त्यात आपल्याकडून गेलेल्या जहाजांत किस्तना होती. वर डेकवर शास्त्रज्ञ, खाली आमचे आजोबा.

माझं म्हणणं एवढंच आहे. हवामानाची सगळ्यात प्रामाणिक नोंद ज्यांचा जीव हवामानावर अवलंबून असतो ते लोक ठेवतात, म्हणजे खलाशी, वैमानिक आणि शेतकरी. आपल्या घराघरांत असल्या वह्या, डिस्चार्ज बुकं, पत्रं पडून असतील आणि आपण ती रद्दीत घालतोय. कुणाकडं काय असेल तर इथं सांगा. सांबऱ्याबद्दल पण लिहा, तो आपला हक्काचा विषय.

---

मराठा_पेन्शनर

छाती कमी भरली म्हणून नेव्हीत, हे वाचून हसून हसून बेजार झालो ओ. आमच्यात म्हणायचे ज्याला चालायचा कंटाळा तो नेव्हीत जातोय. राग मानू नका.

सांबऱ्याचं सांगतो. १९४२ ला ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सनं बांधलं ते, ब्रह्मदेशाच्या लढाईच्या वेळी. पण आपल्यासाठी खरा दिवस १८ डिसेंबर १९६१, गोवा पोर्तुगीजांकडून सोडवायची लढाई. पुण्याहून कॅनबेरा बॉम्बर विमानं आली आणि दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले हे सगळ्यांना माहीत असतं, पण बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवणारी सहा हंटर विमानं सांबऱ्याहून उडाली होती हे बेळगावच्याच निम्म्या लोकांना माहीत नाही. रॉकेटनी उडवलं. त्याच्यानंतर गोव्याचा लिस्बनशी संपर्कच तुटला. आमचे थोरले काका तेव्हा निलजीत शेतात होते, ते सांगायचे की आवाज आला तेव्हा बैल दावं तोडून पळाले आणि दिवसभर सापडले नाहीत. युद्ध दीड दिवसात संपलं, बैल दुसऱ्या दिवशी मिळाले.

---

रनवे_२६

@मराठा_पेन्शनर काका, बैलांचं भारी आहे. पुढचं सांगतो, गोव्यात पोर्तुगीजांकडं एकही लढाऊ विमान नव्हतं, म्हणून हवेत झटापट अशी झालीच नाही. उलट त्यांची दोन प्रवासी विमानं रात्रीत फुटक्या धावपट्टीवरून उडून कराचीला पसार झाली. किंमत नेव्हीनं पण मोजली. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरताना आपले सात नौसैनिक गेले. आपण मात्र गोव्याला मासे खायला जाताना चोर्ल्यात भजी खातो आणि पुढं जातो.

आणि एक, नवीन पोरं विचारतात सांबऱ्याला सुखोई का दिसत नाहीत. तिथं फ्लाईंग ट्रेनिंग नाही बाबांनो, एअरमनचं बेसिक ट्रेनिंग आहे. परेड दिसेल, फायटर नशिबात असलं तरच.

---

कॅम्पातली_सून

माझे सासरे नेव्हीतून पेटी ऑफिसर म्हणून रिटायर झाले, त्यांच्या पश्चात सासूबाईंच्या पेन्शनसाठी बरीच धावपळ मी केलीय म्हणून लिहिते. नौसैनिकांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला चीता कॅम्पमध्ये ब्युरो ऑफ सेलर्सकडं असतं. अर्ज करताना सगळ्यात महत्त्वाचा सर्व्हिस नंबर. नुसतं नाव आणि गाव सांगून काही होत नाही, एकाच नावाचे ढीगभर पाटील निघतात. नंबर सापडत नसेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, बघा, मेडल असेल तर त्याची कड भिंगातून बघा, बऱ्याच मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. आमच्या इथल्या एका ऑफिसात मला तीनदा वेगवेगळ्या खिडकीवर पाठवलं आणि शेवटी नंबर मेडलवरच मिळाला, जे इतकी वर्षं शोकेसमध्ये माझ्या डोळ्यासमोर होतं.

रनवेदादा, तुमच्या आजोबांनी कुठल्या कुठल्या जहाजावर किती दिवस काढले ते सर्व्हिस सर्टिफिकेटवर तारखांसकट असतं. वहीशी जुळवून बघा, तर त्या ८३-८४ ला अर्थ येईल. तारीख आणि जागा नसेल तर नुसता आकडा काय कामाचा.

---

शहापूरचा_आण्णा

सगळं छान, पण त्यात पाऊस कशाला घुसडलाय कळलं नाही. हवामान बदल हवामान बदल म्हणून नुसता बाऊ करून ठेवलाय. ७२ चा दुष्काळ काय हवामान बदलानं पडला होता? पाऊस पूर्वी पण वेडावाकडाच पडायचा. आणि हे शास्त्रज्ञ जुने आकडे मागून दुरुस्त करतात असं मी वाचलंय. मागून दुरुस्त केलेला हिशोब आमच्या दुकानात कुणी दाखवला तर आम्ही त्याला चोरी म्हणतो.

---

रनवे_२६

@शहापूरचा_आण्णा, आण्णा तुम्ही नेमकं आजोबांच्या रकान्यावर बोट ठेवलंय, म्हणून सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

जुन्या काळी समुद्राचं तापमान कसं मोजायचे? डेकवरून कॅनव्हासची बादली दोरीनं खाली सोडायची, पाणी वर ओढायचं, त्यात थर्मामीटर बुडवायचा. आता ओल्या कॅनव्हासला वारा लागला की पाणी गार होतं, आपल्या माठासारखं. म्हणजे आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी. मग दुसऱ्या महायुद्धात रात्री डेकवर दिवा धरून थर्मामीटर वाचणं म्हणजे पाणबुडीला आमंत्रण, त्यामुळं बऱ्याच जहाजांवर इंजिनरूममधला आकडा घ्यायला लागले. कंडेन्सर, म्हणजे वाफेचं परत पाणी करणारं यंत्र, गार करायला समुद्राचं पाणी आत घेतात ना, त्याच्या पाईपवरचा थर्मामीटर. तिथं इंजिनाची धग, त्यामुळं हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त.

आता युद्धात अमेरिकन जहाजांच्या नोंदी जास्त, त्यांच्यात इंजिनरूमची पद्धत जास्त. १९४५ च्या ऑगस्टनंतर अमेरिकन नोंदी एकदम कमी झाल्या आणि ब्रिटिश बादलीवाल्यांच्या वाढल्या. आलेखात काय दिसलं? जगाचा समुद्र एका झटक्यात ०.३ अंशाच्या आसपास गार झाला. समुद्र कुठला गार होतोय, मोजणारा बदलला. हे २००८ साली नीट उलगडलं गेलं. त्याची दुरुस्ती करणं म्हणजे चोरी नव्हे आण्णा, तुमच्या दुकानात काटा बदलला तर जुन्या काट्यात किती फरक होता हे बघूनच स्टॉक जुळवाल की नाही? न जुळवता ठेवलं तर ती चोरी.

आणि कुठल्या जहाजानं बादली वापरली, कुठल्यानं पाईप, हे कुणाला माहीत असतं? स्टोकरला. म्हणून ही वही मला सोन्याची वाटते. बाहेर यावर केवढं काम झालंय, ब्रिटिश नेव्हीच्या पहिल्या महायुद्धातल्या लॉगबुकांची पानं हजारो हौशी लोकांनी घरबसल्या वाचून टाईप केली, २०१० पासून चालू झालेला उपक्रम आहे तो. आपल्याकडची लॉगबुकं अशी कुणी वाचायला घेतली तर मी पहिला बसेन.

७२ चं म्हणाल तर बरोबर, एकेका वर्षावरून काही सिद्ध होत नाही. माझं पण तेच मत आहे, आणि खरं सांगायचं तर बळ्ळारी नाला दरवर्षी शिवारात घुसतो त्याला मी हवामान बदल म्हणणार नाही, नाला साफ करा आणि अतिक्रमण काढा, निम्मं पाणी आपोआप जाईल. पण अरबी समुद्राची गोष्ट वेगळी आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा अभ्यास आहे, १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली आणि बंगालच्या उपसागरात ८ टक्क्यांनी कमी झाली. चाळीस वर्षांत अरबी समुद्राचा पृष्ठभाग १.२ ते १.४ अंशांनी तापलाय. पूर्वी वादळ म्हटलं की ओडिशा-आंध्र, आपण आपलं पेपरात वाचायचो. आता तसं राहिलेलं नाही.

---

भूगोलवाली

मी हायस्कूलला भूगोल शिकवते, त्यामुळे राहवत नाही.

आपला पाऊस आणतो कोण हे मुलांना विचारलं की "ढग" म्हणतात. खरा मालवाहू म्हणजे सोमालियाच्या किनाऱ्यालगत जोर धरणारा वाऱ्याचा झोत. जमिनीपासून जेमतेम दीड किलोमीटरवर वाहतो, अरबी समुद्र ओलांडतो आणि सह्याद्रीला येऊन धडकतो. कणकुंबी, आमगाव, जांबोटी इथे जो पाऊस कोसळतो तो याचाच, आणि त्याच पावसावर कणकुंबीत मलप्रभा उगम पावते. फिंडलेटर नावाच्या ब्रिटिश हवामानतज्ज्ञानं १९६९ मध्ये हा झोत नीट दाखवून दिला, पूर्व आफ्रिकेतल्या फुग्यांच्या आणि विमानांच्या वाऱ्याच्या नोंदी जुळवून. म्हणजे रनवेदादांचं म्हणणं विमानांनाही लागू पडतं.

२०२३ चं आठवा. ८ जूनला मान्सून केरळात आला, पण समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ ठाण मांडून बसलं होतं, सगळी ओल तिकडे ओढली गेली, १५ जूनला ते कच्छला जखाऊजवळ धडकलं. आपल्याकडे शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाचं पाणी तळाला गेलं होतं, टिळकवाडीत नळाला कधी पाणी येईल याचा नेम नव्हता. पुढे राज्यात दुष्काळ जाहीर झाला. वादळ गुजरातेत आणि घागर बेळगावात रिकामी.

पण दादा, एक टोचणारा प्रश्न विचारते. तुम्हाला लढाऊ विमानं आवडतात, मलाही एअर शो बघायला आवडतो. पण ही विमानं किती इंधन जाळतात? १९९७ च्या क्योटो हवामान कराराच्या वेळी लष्करी इंधनाचा मोठा भाग हिशोबाबाहेर ठेवला, २०१५ च्या पॅरिस करारानंतरसुद्धा आकडे देणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. मग जगाला सांगायचं की बल्ब बदला, आणि इकडे आफ्टरबर्नर. हे पटतं का तुम्हाला?

---

रनवे_२६

@भूगोलवाली ताई, टोचलं आणि बरोबर टोचलं. पटत नाही. आकडे द्यायला हवेत, निदान इंधनाचे तरी, त्यानं कुठलं गुपित फुटतंय असं मला वाटत नाही. पण विमानं बंद करा असं मी म्हणणार नाही, शेजार कसा आहे ते तुम्हालाही माहीत आहे. एअर फोर्सनं डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेनं बनवलेलं १० टक्के जैवइंधन घालून एएन-३२ हे मालवाहू विमान उडवलं, २०१९ च्या २६ जानेवारीला राजपथावरून गेलं ते. सुरुवात म्हणून ठीक, त्याच्यापुढं फार ढोल वाजवण्यासारखं काही नाही.

उलट मला दुसरं दिसतं, तापलेल्या हवेचा पहिला फटका विमानालाच बसतो. सांबऱ्याचंच उदाहरण घ्या. धावपट्टी समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या जवळपास. या उंचीला प्रमाण तापमान धरतात साधारण १० अंश. त्याच्यावर प्रत्येक जादा अंशाला उंचीत ढोबळ १२० फूट मिळवायचे. डिसेंबरच्या सकाळी १४ अंश असेल तर विमानाला वाटतं आपण ३,००० फुटांच्या आत आहोत. एप्रिलच्या दुपारी ३७ अंश, म्हणजे २७ गुणिले १२०, तेच सांबरा विमानासाठी ५,७०० फुटांवर जातं. हवा विरळ, पंखाला उचल कमी, इंजिनाला जोर कमी, धाव लांब. मग काय करायचं, वजन कमी. प्रवासी विमान असेल तर सामान किंवा माणसं, फायटर असेल तर इंधन किंवा बॉम्ब.

जहाजावर तर धावपट्टी लांबवायची सोयच नाही. आपल्या विक्रमादित्यवर आणि २०२२ च्या नव्या विक्रांतवर, या विमानवाहू जहाजांवर, विमान पुढं फेकणारा कॅटापल्ट नाही, मिग-२९के पुढच्या चढावरून स्वतःच्या जोरावर उडतं, त्यामुळं समोरून वारा किती आणि हवा किती गरम यावर सगळा खेळ. १९७१ ची जुनी विक्रांत आठवा, चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले, पूर्ण वेग घेता येत नव्हता, आणि वेग नाही म्हणजे डेकवर समोरून वारा नाही. तरी ४ डिसेंबरपासून तिची सी हॉक लढाऊ विमानं कॉक्स बाजार आणि चितगाववर गेलीच. नाव वैमानिकांचं झालं, व्हायलाच पाहिजे, पण खाली तडा गेलेल्या बॉयलरच्या शेजारी उभे असलेल्यांचं नाव कुणी घेत नाही. स्टोकरचा नातू आहे, एवढं बोलणारच.

आणि तौक्ते चक्रीवादळ. मे २०२१ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ बार्ज बुडाला, त्या वाऱ्यात आयएनएस कोची, कोलकाता आणि सी किंग हेलिकॉप्टरांनी १८० हून जास्त माणसं वर काढली. त्या आठवड्यात खानापूर भागात झाडं आडवी झालेली आपण पाहिली. नेव्हीचं काम यापुढं असलंच वाढत जाणार.

---

जांबोटी_नाका

मी शेतकरी माणूस, विमानाचं काय कळत नाही. धूळवाफ पेरणीचं सांगतो. आमच्यात रोहिणीच्या आधी-मागं कोरड्या मातीत भात पेरायचं, मग मृगाच्या पावसावर उगवायचं, बापजाद्यापासून तसंच. २०२५ ला मे महिन्यातच असा लागून राहिला की शिवारात पाय घालायला मिळंना, कुरी, म्हणजे पेरायचं अवजार, घरात आणि बी पोत्यात. मान्सून केरळात २४ मेला आला म्हणे, आणि चारदोन दिवसात इथं पण. निम्म्यांनी मग रोप टाकून लावण केली, मजुरी दुप्पट गेली. आण्णा म्हणतात तसं पाऊस आधी पण वेडा होता, पण त्या वेडाला पण एक रीत होती.

वहीतलं ते मृगाचं वाक्य वाचून बरं वाटलं. किती साली लिहिलंय?

---

रनवे_२६

@जांबोटी_नाका भाऊ, पानावर तारीख आहे, वर्ष नाही! म्हणूनच कॅम्पातल्या ताईंचा सल्ला मानून मानखुर्दला अर्ज टाकतोय. सर्व्हिस नंबर डिस्चार्ज बुकवर मिळाला.

---

तलवार_४६

उशिरा आलो. माझे पणजोबा निपाणीजवळचे, रॉयल इंडियन नेव्हीत होते, १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत तलवार या नेव्हीच्या तळावर उठाव झाला त्यानंतर त्यांना काढून टाकलं. पेन्शन नाही, कागद नाही, घरात तो विषयच कुणी काढायचं नाही. वीस हजार नौसैनिक त्यात होते म्हणतात आणि आमच्या गावात लोक समजायचे हा नोकरी सोडून पळून आला. असल्या माणसाचं रेकॉर्ड कुठं शोधायचं?

---

कॅम्पातली_सून

@तलवार_४६ तुमच्यासाठी दुसरा रस्ता. नाविक उठावातल्या लोकांना पुढे स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनसाठी पात्र धरलं गेलं. पणजोबांनी किंवा पणजीनं कधी अर्ज केला असेल, मंजूर झाला नसला तरी, त्या फाईलला जहाजाचं नाव, नंबर, काढल्याचा दाखला असं काहीतरी जोडलेलं असणार. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, पुरुषांना नको, कागद कुठल्या पेटीत आहेत ते त्यांनाच माहीत असतं.

---

मराठा_पेन्शनर

रनवे, वही स्कॅन करताना जरा सांभाळून. कॉपिंग पेन्सिलीला ओल लागली की सगळं जांभळं पसरतं. आपल्या पावसाळ्यात तर उघडी ठेवूच नकोस, आमच्या पलटणीतली पत्रं माझी तशीच गेली. दिवाळीनंतर कोरड्या हवेत कर, मोबाईलनं फोटो काढला तरी चालतंय, फक्त पान सपाट धर.

---

शहापूरचा_आण्णा

बादलीचं आणि काट्याचं पटलं. बाकीचं अजून बघतोय.

आमचे वडील दुकानाच्या रोजमेळात वरच्या कोपऱ्यात रोज पाऊस लिहायचे, "थोडा", "बरा", "नाला भरला" असं. कारण पाऊस असला की गिऱ्हाईक नाही, मग गल्ला का कमी ते कळायला पाहिजे. १९५८ पासूनचे रोजमेळ पोटमाळ्यावर आहेत, मागच्या वर्षीच रद्दीवाल्याला बोलावणार होतो, त्यानं दर कमी सांगितला म्हणून राहिले. इंच-मिलीमीटर काही नाही त्यात, "बरा" म्हणजे किती हे वडिलांनाच माहीत. तरी उपयोग होत असेल तर रविवारी ये, दुकान बंद असतंय. इथंच बसून वाचायचं पण, घरी न्यायला देणार नाही, उधारीची नावं आहेत त्यात.